घर घेताना लेकींच्या सह्या पाहा

बेळगावात शहापूर, वडगाव भागातले जुने घर घ्यायचे ठरले की आपण रस्ता, पाणी, भिंती पाहतो. उपनिबंधक कार्यालयातून ईसी काढली की निर्धास्त होतो. पण ईसीत फक्त नोंदणी झालेले व्यवहार दिसतात, वारस दिसत नाहीत.

हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित घरात लग्न होऊन कोल्हापूर-सांगलीला गेलेल्या मुलीचाही मुलाइतकाच वाटा असतो. २००५ च्या वारसा कायदा दुरुस्तीने तो मिळाला. त्या वेळी वडील हयात नसले तरी तो टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत वाटणी वा विक्री मात्र बदलत नाही. ‘लग्नात दिलंय की सगळं’ या बोलण्याला कायद्यात किंमत नाही.

म्हणून विकणाऱ्याकडे वंशावळ मागा. बहिणींच्या सह्या खरेदीखतावर घ्या किंवा त्यांचे हक्कसोडपत्र नोंदवून घ्या. साध्या कागदावरची संमती पुरत नाही. दस्त कन्नडमध्ये असेल तर सहीआधी त्यांना तो मराठीत समजावून सांगा. पुढे दावा लागला तर घेणाऱ्याचे पैसे अडकतात आणि बहिणीचे माहेर तुटते.