उतारावर टर्फ टाकताना गवताखाली काय आहे ते आधी पाहा

डोंगरउतारावरच्या आपल्या वस्त्यांत मुलांना खेळायला सपाट जागा नसते. विहारामागे किंवा चाळीच्या पाठीमागे एखादा उतरता तुकडा मोकळा असतो, तोही अर्धा डेब्रिजने भरलेला. तिथे टर्फ टाकता येईल का, असे आता तरुण मंडळे आम्हाला विचारतात. भाड्याचे टर्फ तासाला पैसे मोजून घेते, ते मुलांच्या खिशाला झेपत नाही. मागणी रास्त आहे. या प्लास्टिकच्या गवताची सुरुवातही अशाच गरजेतून झाली. १९६४ साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका शाळेत ते पहिल्यांदा मोठ्या जागेवर अंथरले गेले. शहरातल्या मुलांना धावायला जागा मिळावी, हा त्यामागचा एक विचार होता.

पण ठेकेदार येतो तो हातात गवताचा तुकडा घेऊन. हिरवा, मऊ, बघताच आवडणारा. आमचे म्हणणे असे की तो तुकडा बाजूला ठेवा आणि आधी त्याच्या खालचे विचारा. उतारावर धोका असतो तो खाली, मातीत, पाण्यात आणि भिंतीत.

हिशेब करून पाहू. जागा ३० फूट रुंद, ५० फूट लांब. रुंदीत ती ३ फूट उतरते. सपाट करायची तर वरचा भाग दीड फूट खणायचा, ती माती खालच्या भागात दीड फूट भरायची आणि भराव धरून ठेवायला संरक्षक भिंत बांधायची. उतार ३ फुटांचा आहे तोवर हे सोपे काम. तोच उतार १० फुटांचा असेल तर भिंत ५ फुटांची होते, आणि बहुतेक वेळा त्या भिंतीच्या पायथ्याशी कुणाचे तरी स्वयंपाकघर असते.

आता पाऊस. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस मुंबईला नवा नाही. एवढ्या पावसात या छोट्या मैदानावर सुमारे १४ हजार लिटर पाणी पडते. टर्फला खाली भोके असतात, त्यातून ते भरावात मुरते. बाहेर पडायला वाट नसेल तर ते भिंतीमागे साचते, माती फुगते आणि भिंतीला ढकलते. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात आणि जुलै २०२१ मध्ये चेंबूरच्या भारतनगरात रात्रीच्या पावसात भिंती कोसळल्या, झोपेतली माणसे गेली. त्या भिंती मैदानाच्या नव्हत्या. पण भिंतीखाली घर असणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

म्हणून भिंतीत दर चार-पाच फुटांवर पाईपची भोके हवीत आणि भिंतीच्या मागे मातीऐवजी खडीचा थर हवा. मैदानाच्या वरच्या अंगाला आडवे गटार काढा, म्हणजे डोंगराचे पाणी मैदानावर येणारच नाही. भराव एकदम ओतू नका. अर्ध्या-अर्ध्या फुटाचे थर घालून, पाणी मारून, ठोकून बसवा. डेब्रिज आणि कचरा भरावात अजिबात नको, तो पुढे खचतो आणि गवतात खड्डे पडतात. वर चार ते सहा इंच खडी आणि कच. मैदान अगदी सपाट न ठेवता १०० फुटांना १ फूट एवढा ढाळ द्या. खेळताना तो जाणवत नाही. भिंत कमरेच्या वर जाणार असेल तर इंजिनिअरच्या आराखड्याशिवाय कामाला हात लावू नये, मग मंडळाची वर्गणी कितीही कमी असो. जागा कुणाच्या मालकीची आहे, परवानगी लागते का, तेही आधीच पाहा.

ढाळ चुकला की पाणी कोपऱ्यात, गटारात, झाकलेल्या खड्ड्यात साचते. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो. मैदान खेळासाठी केले आणि घरोघर ताप आला, असे नको.

दुसरी गोष्ट उन्हाची. साधे गवत पाणी सोडून स्वतःला थंड ठेवते, प्लास्टिकला ते जमत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी टर्फ ६० अंशांच्या वर जाऊ शकते. अनवाणी पोराच्या तळव्याला तेवढे पुरे होते. पाणी मारले तर थोडा वेळ थंड होते, पण जिथे पिण्याच्या पाण्याला रांग आहे तिथे हा सल्ला आम्ही देणार नाही. उपाय साधा आहे. तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवा, सोसवत नसेल तर खेळ बंद. सकाळी दहाच्या आत आणि पाचनंतर खेळा. संध्याकाळ मोठी मुले बळकावतात, म्हणून सकाळची वेळ मुलींसाठी आणि लहानग्यांसाठी राखून ठेवावी. जागेत झाड असेल तर तोडू नका.

गवतात काळे रबराचे दाणे भरण्याची पद्धत आहे. हे जुन्या टायरचे दाणे ऊन जास्त धरतात, लहान मुले तोंडात घालतात आणि पावसात वाहून खालच्या नाल्यात जातात. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०३१ पासून अशा दाण्यांच्या विक्रीवर बंदी ठरवली आहे. आपण वाळू भरलेले आखूड गवत घ्यावे. फाटलेले तुकडे शेकोटीत जाळू नयेत, तो धूर छातीला वाईट.

टर्फवर घसरले की कातडी सोलवटते. जखम साबण-पाण्याने धुवा, हळद-माती लावू नका, आणि धनुर्वाताची सुई कधी घेतली होती ते आठवा.

खरे सांगायचे तर पैसे कमी असतील तर मुरूम टाकून रोलर फिरवलेले मैदानही चांगले. कबड्डी, खो-खो त्यावर उत्तम होते आणि ते टर्फएवढे तापतही नाही. भिंत, भोके आणि गटार मात्र तिथेही लागतातच.

मे महिन्यात दोन जणांनी काठी घेऊन भिंतीचे प्रत्येक भोक मोकळे करावे. पहिल्या मोठ्या पावसात खाली उभे राहून पाहावे. भोकांतून स्वच्छ पाणी येत असेल तर ठीक. गढूळ येत असेल, भिंतीला पोट सुटले असेल किंवा नवी भेग दिसली, तर त्या रात्री खालच्या घरातल्या माणसांना विहारात झोपायला न्यावे आणि सकाळी इंजिनिअरला बोलवावे.