अरारातचं वर्ष : 1973

सोव्हिएत संघाला सरसकट 'रशिया' म्हणायची सवय आपल्याला फार जुनी. फुटबॉलच्या बाबतीत ही सवय अन्यायाची ठरते. तिथली लीग 1936 साली सुरू झाली आणि पहिली पंचवीस वर्षं विजेतेपद मॉस्कोच्या वेशीबाहेर पडलं नाही. 1961 मध्ये कीएवच्या डायनॅमोनं ते पहिल्यांदा बाहेर नेलं, 1964 मध्ये तिबिलिसीनं, 1972 मध्ये व्होरोशिलोवग्रादच्या झार्यानं. आणि 1973 मध्ये जेमतेम पंचवीस लाख वस्तीच्या आर्मेनियातल्या येरेवानच्या संघानं लीग आणि चषक दोन्ही जिंकले.

हा संघ 1963 पर्यंत 'स्पार्ताक' होता. ते नाव सोव्हिएत संघात गावोगावी सापडायचं. मग तो 'अरारात' झाला. अरारात पर्वत येरेवानमधून स्वच्छ दिसतो, पण आहे तुर्कस्तानात. रोज डोळ्यांसमोर असलेला आणि सरहद्दीपलीकडे राहिलेला डोंगर ज्या माणसांनी आपल्या संघाच्या नावात आणला, त्यांना ही लीग नुसती करमणूक वाटत नसणार, हे उघड आहे.

प्रशिक्षक निकिता सिमोन्यान मूळचा आर्मेनियन, पण वाढलेला जॉर्जियातल्या सुखुमीत आणि गाजलेला मॉस्कोच्या स्पार्ताकमध्ये. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात तो सहकारी स्त्रेल्त्सोवच्या जागी खेळला आणि सुवर्णपदक मिळाल्यावर ते त्यालाच देऊ लागला. स्त्रेल्त्सोवनं घेतलं नाही. अशा माणसाच्या हाती संघ जुळून आला, यात मला नवल वाटत नाही.

त्या मोसमाचा नियमही वेगळा होता. ठरवून केलेल्या बरोबऱ्यांना आळा बसावा म्हणून बरोबरी झाली की पेनल्टी मारायच्या. जिंकेल त्याला एक गुण, हरेल त्याला भोपळा. एका वर्षात हा नियम गुंडाळावा लागला. रोग खरा होता, पण नव्वद मिनिटांची मेहनत पाच फटक्यांवर टांगायचं औषध चुकीचं होतं.

चषकाचा अंतिम सामना 10 ऑक्टोबरला मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर झाला. समोर कीएव. 61 व्या मिनिटाला कीएवच्या कोलोतोवनं पेनल्टीवर गोल केला आणि वेळ सरत गेला. शेवटच्या मिनिटांत कीएवचे प्रशिक्षक सेविदोव यांनी ब्लोखिन आणि बुर्याक या आपल्या दोन हुकमी खेळाडूंना बाहेर बोलावलं. चषक हातात आलाच, असा तो हिशेब. 89 व्या मिनिटाला लेव्हॉन इश्तोयाननं बरोबरी साधली. जादा वेळेत दुसरा गोलही त्याचाच. ब्लोखिन तेव्हा मैदानाबाहेर होता. त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे 18 गोल त्याचे होते. सेविदोव यांची गच्छंती झाली आणि त्यांच्या जागी लोबानोव्स्की आले. पुढे त्यांनीच कीएवला युरोपात मोठं केलं.

लीगमध्येही अरारातनं कीएवलाच मागे टाकलं : 30 सामन्यांत 39 गुण, कीएवचे 36. ह्राझदान नदीच्या घळीत बांधलेलं, सुमारे सत्तर हजार माणसांचं स्टेडियम तेव्हा नवंकोरं होतं. मार्च 1975 मध्ये तिथेच युरोपियन कपच्या उपांत्यपूर्व फेरीत आन्द्रेआस्यानच्या गोलानं बायर्न म्युनिक हरलं. म्युनिकमध्ये अरारात 0-2 असा हरला होता, म्हणून पुढे गेलं बायर्नच, आणि तो कपही त्यांनीच जिंकला. तरी त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे दोघे होते : गेर्ड म्युलर आणि अरारातचा एदुआर्द मार्कारोव, दोघांचेही पाच.

आर्मेनियाला सोव्हिएत लीगचं विजेतेपद पुन्हा कधीच मिळालं नाही. पण हा संघ आपल्याकडेही येऊन गेला आहे. 1978 साली कोलकात्यात आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागान आणि अरारात 2-2 असे बरोबरीत राहिले आणि शील्ड दोघांना विभागून देण्यात आली.