उतरतं छप्पर आणि समृद्धीवरचा वारा

रेल्वेच्या फर्स्ट एसीत 'कूपे' म्हणजे दोन बर्थची छोटी खोली. मोटारीतला कूपे त्याच घराण्यातला. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'कापलेला'. अठराव्या शतकात प्रवासी समोरासमोर बसत त्या बंद घोडागाडीचा पुढचा भाग छाटून दोघांपुरती गाडी बनवली गेली, तिला हे नाव पडलं. पुढे दोन दारं, मागे उतरणारं पक्कं छप्पर आणि मागे आखूड जागा ही कूपे मोटारीची ओळख झाली.

आता दारं चार झाली तरी मागे उतरत जाणारं छप्पर कायम आहे. २०२४ साली आलेली टाटांची कर्व्ह आणि चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रांच्या विजेवरच्या बीई ६ व एक्सईव्ही ९ई या गाड्या याच वळणाच्या.

या उताराचा कस लागतो तो नागपूरच्या वेशीवर. शिवमडक्याहून निघणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. वेग ६० वरून १२० झाला, की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला आठपट शक्ती लागते. विजेच्या गाडीत हा हिशेब थेट बॅटरीतून वजा होतो.

हवा छपराला चिकटून वाहते तोवर ठीक. छप्पर एकदम संपलं की ती सुटते, मागे भोवरे उठतात, दाब उतरतो आणि गाडी मागे ओढली जाते. हलका उतार हवेला सावकाश खाली आणतो.

पण उतार किती? १९८४ साली एस. आर. अहमद आणि सहकाऱ्यांनी मोटारीच्या आकाराचा साधा ठोकळा वायुबोगद्यात ठेवून मागच्या उताराचे कोन बदलून पाहिले. साडेबारा अंशांच्या आसपास विरोध सर्वांत कमी भरला. ३० अंशांजवळ तो शिगेला पोहोचला, कारण उताराच्या दोन्ही कडांवरून जोरदार पिळदार भोवरे निघू लागले. म्हणजे नुसता तिरका काप पुरत नाही, कोन नेमका लागतो.

विदर्भात आणखी एक हिशेब आहे, उन्हाचा. मेअखेरीस भरदुपारी नागपुरात सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या घटकेला उभ्या काचेवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही, आडवी होत गेलेली मागची काच मात्र ते पुरेपूर झेलते. शिवाय उतरत्या छपराखाली उंच माणसाचं डोकं टेकतं. अशी गाडी घेणाऱ्याने मे महिन्यातल्या दुपारी अर्धा तास मागच्या सीटवर बसून पाहावं.