चांदी असली की नकली? आधी विचारा, टंच किती!

बालाघाट : धानाचे पैसे हातात आले आणि घरात लग्न ठरलं, की आपल्याकडे पहिली फेरी सराफ्यात. बालाघाट असो, वारासिवनी असो की सीमेपलीकडचं गोंदिया. सुनेच्या पायपट्ट्या, जोडवी, बाळाचे वाळे घेतले जातातच. दुकानात प्रश्न एकच : "भाऊ, चांदी असली आहे ना?" उत्तरही ठरलेलं : "एकदम असली!" दुकानदार खोटं बोलतोच असं नाही. आपला प्रश्नच अपुरा असतो. विचारायचं ते हे, की यात चांदी किती टक्के?

टंच म्हणजे काय?

निव्वळ चांदी मऊ असते, दागिना वाकतो. म्हणून तांबं मिसळावंच लागतं. जोडकामाच्या टाक्यानेही शुद्धता थोडी उतरते. शंभर भागांत चांदीचे भाग किती, तो टंच. 925 म्हणजे हजारात 925 भाग चांदी.

हिशोब पाहा. 200 ग्रॅमच्या पायपट्ट्या 925 च्या असतील तर चांदी 185 ग्रॅम. त्याच 60 टंचाच्या असतील तर फक्त 120 ग्रॅम. फरक 65 ग्रॅमचा. किलोला एक लाख रुपये भाव धरला तरी साडेसहा हजार गेले, आणि 2025 मध्ये भाव लाखाच्या बराच पुढे गेला. हा तोटा घेताना दिसत नाही. दवाखान्यासाठी किंवा पोराच्या फीसाठी दागिना मोडायला नेला की कळतो.

घरगुती परीक्षा किती खऱ्या?

चुंबक : चुंबकाला चिकटला तर आत लोखंड आहे, हे नक्की. पण तांबं, ॲल्युमिनियम, जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी नसतेच. तांबं, जस्त आणि निकेल असतं.

काळेपणा : हवेतल्या गंधकाने खरी चांदीही काळी पडते. काळी पडली म्हणून नकली, असं नाही.

पाण्यातलं वजन : वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. दागिना दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. 100 ग्रॅमचा 925 दागिना असेल तर काटा साधारण 9.7 ग्रॅम दाखवेल, जर्मन सिल्व्हर साडेअकराच्या आसपास. पण 60 टंचाची चांदीही सुमारे 10.2 दाखवते, म्हणजे फरक अगदी थोडा. पोकळ किंवा घुंगरांच्या दागिन्यात तर ही परीक्षा चालतच नाही.

थोडक्यात, घरी उघडी नकल पकडता येते. टंच कळत नाही.

मग भरवसा कशावर?

हॉलमार्कवर. सोन्यासारखी चांदीला त्याची सक्ती अजून नाही, म्हणून आपणच मागायचा. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या हॉलमार्कमध्ये तीन गोष्टी असतात : बीआयएसचं चिन्ह आणि सोबत 'सिल्व्हर' शब्द, शुद्धतेचा आकडा, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. हा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून दुकानातच तपासा. त्याआधीच्या हॉलमार्कच्या चांदीवर एचयूआयडी नसेल, तेवढ्याने ती नकली ठरत नाही. मात्र नुसता '925' चा ठसा कोणीही मारू शकतो. तो हॉलमार्क नव्हे.

बीआयएस केंद्राची संस्था आहे. त्यामुळे दागिना मध्य प्रदेशात घ्या की महाराष्ट्रात, खूण एकच. हॉलमार्कच्या दागिन्यात शुद्धता कमी निघाली, तर कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची नियमात तरतूद आहे.

बिल सोडू नका

कच्च्या चिठ्ठीवर दोन पैसे वाचतात, पण तक्रारीला आधार राहत नाही. पक्क्या बिलावर वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या. खडे-मीना असेल तर त्याचं वजन वेगळं मांडायला लावा. आणि पैसे देण्याआधीच विचारा, "परत आणला तर कोणत्या टंचाने घ्याल, घट किती धराल?" उत्तर बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार कां-कूं करत असेल, तर दुसरी पेढी पाहिलेली बरी.

फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. फोन लावताना बिल मात्र हाताशी असू द्या.