मोटारींतील मुका स्पीकर

नवी मुंबईंत ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत पाऊस मनसोक्त कोसळतो, आणि खाडीवरील दमट, खारट हवा तर बाराही महिने असते. या हवेनें लोखंड गंजतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु मोटारीच्या दारांत बसविलेल्या स्पीकरांसही तिची बाधा होते, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. गेल्या श्रावणांत आमच्या नेरूळच्या बिऱ्हाडीं असेंच घडलें. मागील डाव्या दारांतला स्पीकर आधीं खरखरूं लागला, मग तुटक बोलूं लागला व अखेर अगदीं मुका झाला.

चारांतला एक गेला तर एवढें काय, असें कोणी म्हणेल. पण आमच्या वडील भगिनींचा उजवा कान कित्येक वर्षें निकामी आहे. पुण्याच्या प्रवासांत त्या मागें डाव्या खिडकीशीं बसून डाव्या कानानें कीर्तन ऐकतात. आवाज वाढवावा, तर मोटार चालविणाऱ्या सूनबाईंस मागचा भोंगा ऐकूं येईना. न वाढवावा, तर आक्कांस कीर्तन ऐकूं येईना. आक्का तक्रार करणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या "मला झोपच येते" म्हणून डोळे मिटून बसूं लागल्या, आणि तेंच घरांतील सर्वांच्या मनास लागलें.

एका दुकानदारानें दोन बटणें फिरवून चारही स्पीकर व वाजविण्याचें यंत्र नवें घ्यावयास सांगितलें. खर्च आठ हजार. नाडी न पाहतांच मात्रा देणारा हा वैद्य आम्हांस रुचला नाहीं.

आम्हीं आयुष्यभर विद्यार्थ्यांस तर्कसंग्रह शिकविला. कारण असेल तेथें कार्य असतें, हा अन्वय. कारण नसेल तेथें कार्यही नसतें, हा व्यतिरेक. येथें संशयित तीन : यंत्र, तार आणि स्पीकर. चिरंजीव व नववींतला नातू यांनीं मागील दोन्ही दारांचीं आंतलीं आवरणें काढलीं व स्पीकरांची अदलाबदल केली. उजवीकडचा स्पीकर डाव्या तारेवर सुरेख वाजला. डावीकडचा उजव्या तारेवरही मुकाच राहिला. यंत्र व तार दोन्ही निर्दोष ठरलीं. (दार उघडतां-मिटतां आवाज येत-जात असेल, तर मात्र बिजागरीजवळच्या रबरी नळींतील तार तुटली आहे असें समजावें, ती रोज वांकून वांकून झिजते.)

पुढें दीड व्होल्टच्या साध्या सेलच्या तारा स्पीकरच्या दोन टोकांस क्षणभर टेकविल्या. निरोगी स्पीकर "टक्" म्हणाला, रोगी निःशब्द. मल्टिमीटरनेंही तेंच सांगितलें. चार ओमच्या चांगल्या स्पीकरचा आंकडा तीन-साडेतीनच्या घरांत येतो. येथें प्रवाहच खंडित होता.

स्पीकरची रचना मोठी सोपी आहे. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें एक वेटोळें असतें व तें कागदी शंकूस चिकटविलेलें असतें. वेटोळ्यांतून बदलता प्रवाह गेला कीं तें पुढें-मागें हलतें, आणि शंकु हवेस हलवितो. अमेरिकेंतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ सालीं ही रचना ज्या रूपास आणिली, तेंच मूळ रूप आजही चालू आहे. आमचा स्पीकर नातवानें कापून पाहिला. जळका वास नव्हता. म्हणजे अति मोठ्या आवाजानें वेटोळें जळलें नव्हतें. कागद फुगलेला होता, आणि वेटोळ्याकडे जाणारी वेणीसारखी बारीक तार हिरवी पडून तुटली होती. अर्थात् पाण्याचें काम.

दारांत पाणी येणें हा दोष नव्हे. कांचेच्या कडेनें तें उतरावयाचेंच, व दाराच्या तळाशीं असलेल्या भोंकांतून निघून जावयाचें. आमच्या दाराचीं भोंकें चिखलानें व गुलमोहराच्या पाल्यानें बुजलीं होतीं. शिवाय पूर्वीं कोणा कारागिरानें कुलूप दुरुस्त करतांना स्पीकरच्या पाठीवरील प्लास्टिकचा पडदा फाडून तसाच लोंबत ठेविला होता. दुकानदाराचें ऐकून नवे चार स्पीकर बसविले असते, तर डावा पुढल्या श्रावणांत पुन्हां मुका झाला असता.

म्हणून प्रथम काडीनें भोंकें मोकळीं केलीं, पडदा नवा चिकटविला, आणि मगच साडेसहा इंची, चार ओमची नवी जोडी बसविली. एकट्या डाव्यासाठीं जोडी कां, तर दोहोंचा स्वर एक राहावा म्हणून. आणि बाजारांत बहुधा जोडीच मिळते. खर्च पंधराशेंच्या आंत. जोडतांना धन-ऋण टोकें नीट पाहावीं. एका स्पीकरचीं टोकें उलट लागलीं, तर एकाचा शंकु पुढें येतांना दुसऱ्याचा मागें जातो व मृदंगाची थाप पोकळ लागते. खूण पुसली असल्यास पुन्हां तोच सेल लावावा : ज्या टोकास सेलचें धन लावतां शंकु बाहेर येतो, तें धन.

उजवा जुना स्पीकर निर्दोष होता. तो नातवानें एका लांकडी पेटींत बसविला असून, तूर्त ती पेटी आक्कांच्या पलंगाच्या डाव्या अंगास आहे.