‘मस्तक’ कोणाचे?

धर्मातले पतीचे वर्चस्व कायद्याच्या कलमात उतरले की स्त्रीचे काय होते, हे पाहायचे असेल तर १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा वाचावा. इंग्रजी अमदानीत ख्रिस्ती जोडप्यांसाठी केलेला हा कायदा. त्याच्या कलम १० प्रमाणे पतीने पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. पत्नीला मात्र पतीचा नुसता व्यभिचार पुरत नसे, सोबत क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे काही सिद्ध करावे लागे. कलम ३४ खाली पती पत्नीच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागू शके. जणू पत्नी म्हणजे मालमत्ताच!

पती हा पत्नीचे मस्तक, या विचाराला आधार दिला जातो तो बायबलातील इफिसकरांस पत्राचा. पाचव्या अध्यायाचे बाविसावे वचन पत्नीला पतीच्या अधीन राहण्यास सांगते. पण त्याच्या आधीचेच वचन सर्वांनी परस्परांच्या अधीन व्हावे असे सांगते, ते सोयीस्करपणे विसरले जाते. १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही अधीनता परस्पर असल्याचे लिहिले. मात्र स्त्रीला पुरोहितपद नाही, असे त्यांनीच १९९४ साली बजावले. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्टांनी १९९८ साली पत्नीची अधीनता आपल्या श्रद्धापत्रात घातली. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी २००० साली त्या संघटनेशी नाते तोडले. स्त्रियांविषयीची ही भूमिका हे त्यांचे एक कारण होते.

ग्रंथ एकच, अर्थ मात्र अनेक. कोणता अर्थ चालायचा, हे व्यासपीठ ज्याच्या हाती तो ठरवतो. म्हणून स्त्रीला न्याय हवा असेल तर तो कायद्यातच लिहिला गेला पाहिजे.

इंग्लंडने ही विषमता १९२३ साली काढली. आपल्याकडे ख्रिस्ती स्त्रियांना न्यायालयात झगडावे लागले. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ साली आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली त्यांच्या बाजूने निर्णय दिले. संसदेने कायदा बदलला तो २००१ साली, म्हणजे इंग्लंडनंतर ७८ वर्षांनी!

हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचे आम्ही अनुयायी. दुसऱ्यांच्या धर्मग्रंथाकडे बोट दाखवून आमची सुटका नाही. आमच्या घरात अखेरचा शब्द कोणाचा, हे आम्ही आधी स्वतःला विचारू.