रक्तदाब मोजताना हात कोठे ठेवाल?

घरात कोणाला ताप आला तर तो कळायला फारसा वेळ लागत नाही. कपाळ गरम लागते, अंग कसकसते आणि मग आपण तापमापक शोधतो. रक्तदाबाचे तसे नाही. तो वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. माणूस रोजच्यासारखा जेवतो, कामाला जातो. पण जास्त दाबाविरुद्ध वर्षानुवर्षे रक्त ढकलून त्याच्या हृदयाचा स्नायू जाड होत असतो, धमन्या कडक होत असतात. मूत्रपिंडांना व मेंदूलाही त्यापासून धोका असतो. म्हणून रक्तदाब मोजायचा तो काही त्रास होत नसतानाच.

120 म्हणजे 120 काय?

डॉक्टर म्हणतात, “दाब 120/80 आहे.” हे 120 म्हणजे 120 मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ. स्तंभाच्या तळाशी असणारा दाब त्याच्या उंचीवर व द्रवाच्या घनतेवर अवलंबून असतो, हे तुम्ही शिकला आहात. पारा पाण्याच्या 13.6 पट जड आहे. म्हणजे 12 सेंटिमीटर पारा तोलणारा दाब 12 × 13.6 = सुमारे 163 सेंटिमीटर पाणी तोलू शकेल. मुठीएवढे हृदय प्रत्येक ठोक्याला एवढा दाब निर्माण करते!

इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने हा दाब प्रथम प्रत्यक्ष मोजला. त्याने एका घोडीच्या धमनीत नळी बसवून ती काचेच्या लांब उभ्या नळीला जोडली. रक्त त्या नळीत 8 फुटांहूनही अधिक उंच चढले! हा प्रयोग त्याने 1733 साली प्रसिद्ध केला. माणसावर असा प्रयोग कोण करून घेणार? ती अडचण 1896 साली इटलीच्या रिव्हा-रोची याने दूर केली. त्याने दंडाला हवेचा पट्टा गुंडाळला व त्याला पाऱ्याची नळी जोडली. पुढे 1905 मध्ये रशियन डॉक्टर कोरोत्कॉफ याने पट्ट्याच्या खाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकण्याची युक्ती सांगितली.

पट्ट्यात हवा भरली की धमनी दाबली जाऊन बंद होते. मग हवा हळूहळू सोडतात. पट्ट्यातील दाब हृदयाच्या आकुंचनाच्या वेळच्या दाबापेक्षा किंचित कमी झाला, की प्रत्येक ठोक्यासरशी थोडे रक्त निसटते आणि ‘टप् टप्’ असा आवाज येतो. हा वरचा आकडा. दाब आणखी उतरल्यावर धमनी पूर्ण मोकळी होते व आवाज थांबतो. हा खालचा आकडा, म्हणजे हृदय प्रसरण पावत असतानाचा दाब.

पारा विषारी असल्यामुळे ही यंत्रे आता मागे पडत आहेत. घरोघरी दिसणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र आवाज ऐकत नाही. पट्ट्यातील दाबात नाडीमुळे होणारी बारीक थरथर ते टिपते. आकडे मात्र अजून पाऱ्याच्याच मिलिमीटरमध्ये देतात.

हाताची जागा

आता शीर्षकातील प्रश्नाकडे वळू. रक्त हाही द्रवच आहे. त्याची घनता पाण्याच्या सुमारे 1.06 पट. समजा, पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सेंटिमीटर खाली आहे. तर तेवढ्या रक्तस्तंभाचा दाब आकड्यात मिसळतो : 10 × 1.06 ÷ 13.6 = 0.78 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 8 मिलिमीटर पारा. मनगटावर बांधायचे यंत्र मांडीवर हात ठेवून वापरले आणि मनगट 20 सेंटिमीटर खाली राहिले, तर चूक 16 मिलिमीटरची! खरा दाब 128 असणाऱ्याला यंत्र 144 दाखवील. उलट हात तेवढाच उंच धरला, तर 146 दाब असलेला माणूस 130 वाचून निश्चिंत होईल. ही दुसरी चूक अधिक घातक. म्हणून पट्टा नेहमी हृदयाच्या पातळीवर हवा आणि हात टेबलावर टेकलेला हवा.

प्रयोगवही घरची

लंबकाचा आवर्तकाल काढताना आपण एकाच आंदोलनावर विसंबत नाही. रक्तदाबही दिवसभर बदलत असतो. जिना चढल्यावर, चहा घेतल्यावर, बोलताना तो वाढतो. दवाखान्याच्या नुसत्या धास्तीनेही काहींचा वाढतो. म्हणून मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली व पावले जमिनीवर असावीत. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. हे काम तुम्ही करा. वहीत तारीख, वेळ, दोन्ही आकडे व नाडीचे ठोके असे रकाने आखा आणि घरातील मोठ्या माणसांची आठवडाभराची सकाळ-संध्याकाळची नोंद ठेवा.

प्रौढ माणसाच्या घरच्या नोंदींची सरासरी 135/85 किंवा त्याहून अधिक भरली, तर वही डॉक्टरांना दाखवावी. आकडा 180/120 च्या वर असून छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा बोलणे अडखळत असेल, तर वही बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे. तुमचा स्वतःचा दाब या आकड्यांशी ताडू नका, मुलांमध्ये तो वय व उंचीनुसार निराळा असतो.

आणखी एक काळजी घ्या. आकडा 124 आला, की “आता मी बरा झालो” असे म्हणून कित्येकजण गोळी बंद करतात. भर पावसात छत्रीखाली अंग कोरडे राहिले म्हणून छत्री मिटण्यासारखेच हे! तुमच्या आजोबांनी असा बेत केला, तर गोळी बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा म्हणावे, आणि सोबत वही न्यायला सांगा.